आमची वाटचाल: अक्का, मास्तर आणि शाळेचे गणवेश

सोलापुरात गणवेश शिवणारे पुष्कळ आहेत. त्या गर्दीत आमचं युनिट लहानच. पण कापडाचा ले लावणं (थरावर थर अंथरणं), मार्कर आखणं (त्यावर कुठला भाग कुठे कापायचा ते आखणं) आणि कटिंग मशीन चालवणं ही तिन्ही कामं आमच्याकडे बायका करतात. धंद्यातल्या माणसाला हे सांगितलं की आधी हसतो आणि मग विचारतो, "पण कटिंग मास्तर कोण?" मास्तर म्हणजे अक्का.

सुरुवात घराच्या पुढच्या खोलीत झाली. दोन जुकी म्हणजे शिलाई मशिनं, कापडाच्या कडा बांधणारं एक ओव्हरलॉक, आणि काज-बटणाला माल बाहेर पाठवायचा. अक्का पूर्व भागातली, विडी वळणारी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओलवलेली टेंभुर्णीची पानं. पानावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा, कात्रीने भराभर कापायचं आणि वळायचं. मजुरी हजार विड्यांवर. मी तिला म्हटलं, शिलाईला ये, यापेक्षा बरे पैसे मिळतील. ती म्हणाली, "ताई, विडीत पैसा नाही, पण पोरगं रडलं तर उठता येतं."

बायका टिकत नाहीत, कामाला येत नाहीत, अशी ओरड आमच्या संघटनेच्या प्रत्येक बैठकीत होते. आपली स्पर्धा शेजारच्या युनिटशी नाही, त्या सुपाशी आहे, हे बोलायला कुणी तयार नसतं. सूप कमी पैसे देतं, पण वेळ बाईच्या हातात ठेवतं. म्हणून आम्ही कामाची वेळ नऊ ते साडेसहाची साडेदहा ते साडेपाच केली. अक्काही मग आली. शिवाय आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. कुठल्या गल्लीला कधी पाणी, ते आमच्याकडे फळ्यावर लिहिलेलं असतं. त्या दिवशी त्या गल्लीतल्या बायकांनी तासभर उशिरा यायचं, पगार कापायचा नाही. माल अडतो का? नाही अडत. हंडे भरायचे राहिलेत या विचारात शिवलेली कॉलर पुन्हा उसवायला जास्त वेळ जातो.

आता अक्काच्या आधीच्या मास्तरांबद्दल. नाव घेत नाही, बाजारात सगळ्यांना माहीत आहे. हात चांगला होता, ते कबूल. कापड असं बसवायचे की चिंधी उरायची नाही. पण फर्मे, म्हणजे गणवेशाच्या प्रत्येक भागाचे मापाचे साचे, कुलपात. टेबलापाशी बाई उभी राहिलेली चालत नसे. "बायकांनी धागे काढावेत, चेकिंग करावं, फार तर मशीन चालवावं." आमच्या धंद्यात बाईची बढती इथेच थांबते. हेल्परची ऑपरेटर होते, ऑपरेटरची चेकर होते आणि तिथेच केस पांढरे होतात. पैसा आणि मान कटिंग टेबलाला, आणि ते टेबल पुरुषांचं.

२०१६ चा सीझन. एप्रिल अर्धा उलटला होता. राजस्थानातल्या भिलवाड्याहून कापडाचे ताके येऊन पडलेले, कापडवाल्याची साठ दिवसांची उधारी चालू, जूनच्या मध्याला शाळा उघडणार. मास्तर एका सोमवारी आले नाहीत. मंगळवारी कळलं, दोन गल्ल्या पलीकडे त्यांनी स्वतःचं युनिट टाकलंय. जाताना सगळे फर्मे नेले, पिसामागे रुपया जास्त सांगून माझ्या चांगल्या ऑपरेटर नेल्या आणि एक मोठी शाळासुद्धा. फर्मे माझ्या पैशाचे, माझ्या कार्डशीटचे. आजतागायत परत आलेले नाहीत.

बाहेरून मास्तर आणायला निघाले, तर सीझनमध्ये मिळेल त्याचा भाव आणि मिजास दोन्ही परवडणारे नव्हते. तेव्हा अक्काने कपाटातले जुने सॅम्पल पीस काढले. शिलाई उसवली, एकेक भाग इस्त्रीखाली सपाट केला, कार्डशीटवर ठेवून आखला, शिलाईत जाणारी कड, म्हणजे दाब, बाजूने सोडली. २२ नंबरपासून ४० पर्यंत. मधले नंबर जिथे नव्हते तिथे खालचा आणि वरचा शेजारी ठेवून खांदा, छाती, उंची वाटून काढली. याला ग्रेडिंग म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. डाव्या अंगठ्याने फर्मा दाबून धरायची तिची पद्धत मी बघत होते. पान कापताना धरायची तस्साच. जन्मभर पत्र्याच्या फर्म्यावर कात्री चालवलेल्या हाताला आम्ही इतकी वर्षं धागे काढायला बसवलं होतं!

कटिंग मशीनला डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा घालतात. मास्तर तो खुंटीला टांगून ठेवत, मर्दानगीत कमीपणा येत असावा. अक्काच्या हाताला तो ढगळ, बोटांची टोकं लोंबायची. आधी लहान मापाचा मोजा मागवला, मगच मशीन सुरू करू दिलं. पहिला ले वीस थरांचाच लावला. प्रत्येक भागावर नंबराचा स्टिकर, म्हणजे एका थराचा पुढा-पाठ एकाच पिसात जातो, शेड फुटत नाही. नवीन युनिटवाल्यांना सांगते, स्टिकरचे पैसे वाचवू नका. दोन ताक्यांचा निळा टेबलावर सारखाच दिसतो, शाळेच्या मैदानात उन्हात नाही.

तरी उशीर होणार हे दिसत होतं. मोहोळ तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका आमच्या सुरुवातीपासूनच्या. फोन करून खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "पहिली-दुसरीचे आधी द्या. मोठ्या मुली पंधरा दिवस जुने घालतील, शाळा काही अडत नाही." आणि उरलेली रक्कम आगाऊ पाठवली. त्याच पैशांतून मजुरी भागली. त्या निवृत्त झाल्या, पण शाळेची ऑर्डर आजही आमच्याकडे आहे.

बँकेचा अनुभव मात्र वेगळा. शेड माझ्या नावावर, मशिनं माझ्या बिलांची, तरी कर्जाचा विषय निघाला की "साहेबांना घेऊन या". यजमान गेले, सही केली, चहा प्यायले. ओव्हरलॉकला किती धागे लागतात हे त्यांना आजही सांगता येणार नाही.

पुढची वर्षं बरी गेली. २०२० ला शाळाच बंद, तेव्हा मास्क शिवले आणि तग धरला.

एका गोष्टीवर बोलायलाच हवं. आम्ही एका हुशार ऑपरेटरला सुपरवायझर व्हायला सांगितलं, तर तिने नको म्हटलं. लोक म्हणाले, बायकांना पुढे जायचंच नसतं. खरं कारण असं की सुपरवायझरला रात्री टेम्पो भरेपर्यंत थांबावं लागायचं आणि तिची दोन मुलं घरी. आम्ही लोडिंग सकाळी नेलं. पुढच्या महिन्यात तिनेच येऊन विचारलं, "जागा आहे का अजून?"

दुसरं बाळंतपणाचं. २०१७ साली कायद्याने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ केली, तेव्हा अनेक मालकांनी नवं लग्न झालेल्या मुली घेणंच बंद केलं. अहो, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, भरा ना! दहा किंवा जास्त माणसं असली की ते लागूच आहे. पगाराच्या मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण. हप्ते नीट भरलेले असले की त्या रजेचा पगार विमा महामंडळ देतं, तुमच्या गल्ल्यातून जात नाही. आमच्या तीन मुली अशा जाऊन परत आल्या. मास्तरांकडे पिसामागे रुपया जास्त आहे खरा, पण ईएसआय नाही. त्यांच्याकडे गेलेल्यांपैकी दोघी परत आल्या त्या याच हिशेबाने.

मास्तर अजून बाजारात सांगतात, ताईंचं युनिट मीच उभं केलं. सांगोत. मागच्या सीझनला त्यांचा माणूस जॉबवर्क, म्हणजे आमचा माल मजुरीवर करायचं काम, मिळेल का विचारायला आला होता. मी अक्काकडे पाठवला. तिने एवढंच विचारलं, "आमचे फर्मे आणलेत का?"

शाळांना विनंती: मापं फेब्रुवारीअखेर द्या. मेमध्ये नवी ऑर्डर घ्यायची की नाही ते आता अक्का ठरवते, आणि ती नाहीच म्हणते. मला फोन करून उपयोग नाही.