वेंडीच्या सिगरेटची राख

काल रात्री एकटीनंच ‘द शायनिंग’ हा जुना भयपट लावला आणि अर्ध्या तासातच बंद करावासा वाटला. भीती वाटली म्हणून नव्हे. रक्ताची लिफ्ट, त्या जुळ्या मुली, २३७ नंबरची खोली, सगळं पाठ आहे. मी अडकले ते त्याच्याही आधी. अजून मंडळी हॉटेलात राहायला गेलेलीसुद्धा नाहीत.

डॅनीला तपासायला डॉक्टरीणबाई घरी आल्यात. मागे पोराचा हात कसा निखळला ते त्याची आई वेंडी सांगतेय. नवरा प्यायलेला, पोरानं त्याचे कागद विस्कटले, त्यानं हात धरून ओढलं. आपणही मुलांना शंभरदा ओढतोच की, बागेत, रस्त्यात, असं म्हणते आणि हसते. बोटांतल्या सिगरेटची राख लांबत चाललीय, झटकायचं भान नाही. डॉक्टरीणबाई हसत नाहीत.

हॉस्टेलात आम्ही वेंडीची नक्कल करायचो. डोळे वटारायचे, चाकू म्हणून कंगवा धरायचा. आम्हीच कशाला, वेंडी झालेल्या शेली डुव्हॉलला ह्या कामासाठी रॅझी ह्या टवाळ पुरस्कारांत सर्वात वाईट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं होतं. ते मागे घेतलं थेट २०२२ मध्ये. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या स्टीफन किंगलाही सिनेमातली ही बाई पटली नाही. मीही म्हणायचे, दिग्दर्शक कुब्रिकचा कॅमेरा डॅनीच्या तीनचाकीमागून काय सुरेख पळतो, लाकडी जमिनीवर घरघर, गालिच्यावर चिडीचूप, आणि मध्येच ही रडूबाई कशाला?

पण ते हसणं. आत्या आली की आई अगदी अस्संच... जाऊ दे.

हिवाळाभर हॉटेल सांभाळायची नोकरी खरं तर तिच्या नवऱ्याची, जॅकची. हा बसलाय टाइपरायटरपुढे. बॉयलर बघते ती, स्वयंपाक तिचा, वायरलेसवर रेंजरशी बोलणार ती, दिवस डोक्यावर आला तरी लोळणाऱ्या नवऱ्याला बिछान्यात नाश्ता नेऊन देणार तीच. आणि तो खेकसतो, मी इथे आहे म्हणजे मी काम करतोय, टाइपिंगचा आवाज येवो न येवो. हे मी रोज आमच्या ह्याच्याकडून ऐकते, जरा गोड आवाजात. ‘मीटिंग चालू असताना कुकर नको ना लावूस.’ मी काय म्हणते? बरं म्हणते. हसून म्हणते, हे काल कळलं.

मग रडले थोडी. कुणाला सांगणार? सिनेमातल्या बाईसाठी रडले म्हटलं तर दादा वर्षभर चिडवेल.

तरी नेटानं पुढचा पाहिला. बॅट हातात, तोंडानं रडगाणं, मागे मागे सरत जिना चढतेय, आणि शेवटी हाणतेच की अंगावर येणाऱ्या जॅकला! मग तो धटिंगण फरफटत नेऊन कोठीत कोंडते. न्हाणीघराच्या खिडकीतून आधी पोराला बाहेर काढते, आणि अखेर त्याला घेऊन बर्फातल्या गाडीतून पसार. सगळं रडत, धडपडत, नाक पुसत. त्या लेखकमहाशयांनी अख्ख्या हिवाळ्यात काय केलं, तर एकच ओळ पानोपान टाइप केली. मला इतकं हसू आलं की आमचा हा उठून बघायला आला.

आज सकाळी त्याची ती मोठी मीटिंग होती. मी तूरडाळ लावली. आमची डाळ पाच शिट्ट्यांशिवाय शिजत नाही, त्याला मी काय करणार.