बेसच्या तारेवरचा हलका हात

बेस गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे: तारा जाड, तेव्हा भरदार आवाजासाठी बोटांतही तितकाच जोर हवा. माझे मत याच्या उलट आहे. जोर वाढवला की आवाज एका मर्यादेपर्यंतच मोठा होतो, आणि त्यापुढे वाढतो तो खडखडाट.

चार तारांच्या बेसवरची सर्वांत खालच्या स्वराची ई तार सेकंदाला साधारण ४१ कंपने करते. ती जोराने ओढून सोडली की तिचा झोल वाढून ती फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटते. शिवाय या रुंद झोलामुळे तारेचा ताण क्षणभर वाढतो आणि स्वर किंचित चढा लागून मग खाली उतरतो. ट्यूनर, म्हणजे स्वर तपासणारे यंत्र, लावून ही तार एकदा जोरात आणि एकदा हळुवार छेडून पाहावी. पहिल्या वेळी काटा आधी चढ्या बाजूला झुकतो आणि मग मध्यावर स्थिरावतो. हलक्या आघातात सुरुवातीचा ठोका लहान असल्यामुळे त्यामागची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, त्या मानाने अधिक भरलेली ऐकू येते.

अमेरिकी बेसवादक गॅरी विलिस याच पद्धतीचा पुरस्कर्ता आहे. त्याच्या बेसवर तारांखाली रॅम्प, म्हणजे लाकडाचा एक गुळगुळीत तुकडा, बसवलेला असतो. त्यामुळे बोट तारेखाली खोल जाऊच शकत नाही. रॅम्प नसला तरी बोटाच्या पेराचा अगदी टोकाचा भागच तारेला लागू द्यायचा आणि तार सोडल्यावर बोट शेजारच्या तारेवर अलगद टेकवायचे, एवढे पथ्य सांभाळले तरी बराच फरक पडतो. पिकअपवर, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या तारांखालच्या भागावर, टेकलेल्या अंगठ्याकडेही लक्ष ठेवावे, कारण तो दाबला जाऊ लागला की मनगट आखडते आणि मागोमाग डावा हातही विनाकारण गिटारची मान आवळू लागतो.

सरावाची सुरुवात मात्र अँपपासून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरपासून, करावी. अगदी हळू वाजवूनही नेहमीइतके ऐकू येईल इतका व्हॉल्यूम आधी वाढवून ठेवला, तर बोटांना जोर लावायचे निमित्तच उरत नाही. मग मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून एकाच तारेवर तर्जनी आणि मधले बोट आलटून पालटून चालवावे, आणि दोन्ही बोटांचा आवाज सारखा येईपर्यंत लय वाढवू नये. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण तिला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन जाड तारा फ्रेटपासून उंच ठेवून एकट्या तर्जनीने वाजवत असे, आणि तो नाद हलक्या हाताने मिळणार नाही, हे मान्यच करायला हवे.

खरी कसोटी लागते ती बँडसोबत. ड्रमर रंगात आला की आपण ऐकू येत नाही असे वाटून बोटे आपोआप जोर धरतात. अशा वेळी अँपवरचे मिड, म्हणजे मधल्या पट्टीचे स्वर, थोडे वाढवावेत, कारण गोंगाटात कानाला बेसचा स्वर ओळखू येतो तो मुख्यतः वरच्या उपस्वरांमुळे, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या चढ्या स्वरांमुळे. मूळ ४१ कंपनांना कान तसा मंदच असतो. एवढे जमले की जोराचा आघात शिल्लक राहतो आणि तो ध्रुवपदाला, जिथे खरोखर हवा असतो तिथे, वापरता येतो.