विंडोजवर हंस्पेल बिल्ड झालं!

आज इंदूरच्या रामबागेतल्या घरी दुपारभर एकच काम: हंस्पेल सोर्स कोडवरून विंडोजवर बिल्ड करायचं, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये शुद्धलेखन तपासतं ते हेच. आयतं मिळतं, पण मला ते आतून बघायचं होतं.

एमएसवायएस२ टाकलं (विंडोजवर युनिक्ससारखी शेल आणि बिल्डची साधनं देणारा संच), त्याच्या पॅकमन या पॅकेज मॅनेजरने कंपायलर आणि बिल्डची तयारी करणारी ऑटोटूल्स घेतली. मशीनवर काय काय आहे ते तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट सुरू केली आणि 'चेकिंग फॉर'च्या ओळी रमतगमत सरकू लागल्या. भाचा म्हणाला, "मामा, हँग झालं का?" नाही रे. ही शेल स्क्रिप्ट प्रत्येक बारीक तपासणीला नवी प्रोसेस उभी करते. युनिक्समध्ये त्यासाठी फोर्क असतो, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढायची सोय; विंडोजमध्ये तसा नाही. एमएसवायएस२मध्ये सिग्विनमधून (युनिक्सचे प्रोग्रॅम विंडोजवर आणणारा प्रकल्प) आलेला थर त्याची नक्कल करतो, वेळ जातो तो तिथे. १९९५ मध्ये सुरू झालेलं सिग्विनचं हे काम लोक अजून सांभाळतायत, फुकट वाटतायत. मला याचं फार अप्रूप आहे.

मेक, म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल करायची पायरी, सुरळीत झालं. तयार एक्झी वेगळ्या फोल्डरमध्ये नेऊन साध्या कमांड प्रॉम्प्टवरून चालवली, तर तिला लागणारी सी++ ची डीएलएल (लायब्ररीची फाइल) सापडेना. एलडीडी या कमांडने लागणाऱ्या डीएलएलची यादी काढली, यूसीआरटी६४च्या (एमएसवायएस२मधला थेट विंडोजसाठी बिल्ड करणारा भाग) बिन फोल्डरमधून लागतील तेवढ्या फायली शेजारी ठेवल्या. चाललं! आता ही फाइल विंडोजची म्हणूनच धावते, खाली सिग्विनचा थर नाही.

पुढे मराठी कोश जोडायचाय. त्यात घालायच्या इंदुरी शब्दांची यादी भाच्याने सुरूही केलीय. पहिला शब्द जिरावण, पोह्यांवर भुरभुरायचा मसाला.