सहा डिसेंबरनंतरचा शनिवार

ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा. म्हणून आमच्या ख्रिस्ती अभ्यास मंडळाचा वार्षिक मेळावा त्याच तारखेला घ्यायचा, असं पहिल्या वर्षी ठरलं आणि पहिल्याच वर्षी फसलं. सहा डिसेंबरला आमच्यातली निम्मी घरं दादरला, चैत्यभूमीवर असतात. रात्रभर रांगेत उभं राहून पुढच्या रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर बसणारे लोक आहेत आमच्याकडे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग सहा तारखेनंतरचा शनिवार धरला. तेव्हा नाताळच्या गाण्यांच्या तालमी सुरू झालेल्या असतात. तरुण संघ त्या सबबीवर गेली 22 वर्षं व्याख्यानाला येत नाही. जेवणाची पानं मांडली की तालीम मात्र बरोबर संपते.

प्रार्थना, शास्त्रवाचन, स्वागतगीत, अहवाल, शाल हे सगळं रीतीप्रमाणे व्हायचं. अहवाल मीच लिहायचो, मीच वाचायचो. ऐकणाराही बहुधा मीच असायचो.

खरी गोष्ट व्याख्यानाची. ख्रिस्ती अभ्यासकांनी समाजाला काय दिलं, हा विषय फिरून फिरून येणारच. त्यात एक जात नावांची माळ ओढणाऱ्यांची. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई. एकेक मणी पुढे सरकतो, टाळ्या पडतात आणि घरी जाताना काही हाताला लागत नाही. दुसरी जात एकच कागद घेऊन येणाऱ्यांची. मी यांच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही.

एका निवृत्त मास्तरांनी ‘ज्ञानोदय’च्या 1853 च्या एका अंकाची झेरॉक्स आणली होती. मिशनचं हे नियतकालिक 1842 मध्ये आमच्या नगरातच निघालं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जुन्या आठवणी लिहिताना हात नगरच लिहितो.) त्या अंकात जोतीराव फुल्यांनी सांगितलेली हकिकत आहे : मित्राबरोबर नगरला आलो, अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंनी चालवलेल्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आपल्या देशातल्या बायकांना शिक्षण नाही याचं वाईट वाटलं, पुण्याला परतून मुलींची शाळा काढली. मास्तर वाचत होते त्या सभागृहातून आमच्या चर्चची घंटा दिसते. पुढच्या रांगेत मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या एक आजी होत्या. त्यांनी शेजारणीला कोपर मारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे पुण्याच्या आधी आपण!” मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “आजी, शाळा फॅरारबाईंची. पुढचं धाडस जोतीराव-सावित्रीबाईंचं. शेणाचे गोळे आपल्या अंगावर नाही पडले.” आजी गप्प. मीही गप्प, कारण अहवालात मी जवळपास आजींचंच वाक्य लिहून ठेवलं होतं.

याहून जास्त आठवतं ते रमाबाईंवरचं व्याख्यान. बाहेरगावचे प्राध्यापक होते, बोलणं रसाळ. रमाबाईंनी 1882 साली सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, मुलींना शिकवायला बायका हव्यात, बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात असं सांगितलं, आणि ही ख्रिस्ती विदुषीची देशाला देणगी, असं म्हणून ते पाण्याच्या ग्लासाकडे वळले. टाळ्या. तेवढ्यात मागून बी.एड.ला असलेली एक मुलगी उभी राहिली. आमच्यापैकीच एकाची पुतणी, मंडळात पहिल्यांदाच आलेली. “सर, साक्ष 82 ची. बाप्तिस्मा 83 च्या सप्टेंबरात, इंग्लंडमध्ये. साक्ष दिली तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या.”

पंखा फिरतोय एवढंच ऐकू येत होतं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मुलीला मीच उठवलं होतं. प्राध्यापकांनी ग्लास खाली ठेवला, खिशातून पेन्सिल काढली, टिपणात ती ओळ खोडली आणि वर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, “बरोबर आहे, बाळ. ती विद्या त्यांच्या वडिलांच्या, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरातली. आपली म्हणून सांगायची तर पुढची सांगतो.” आणि लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवून ते अर्धा तास पुणे जिल्ह्यातल्या केडगावबद्दल, रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्तिसदनाबद्दल बोलले : रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायला बसल्या, आणि ते छापायला मुक्तिसदनातल्याच बायका उभ्या राहिल्या. त्यातल्या किती जणी तिथे यायच्या आधी कशाकशातून गेल्या असतील! त्या दिवशी टाळ्या कमी पडल्या. माझे मात्र डोळे भरून आले होते, आणि ते मी अगरबत्तीच्या धुरावर ढकललं. आमच्याकडे अगरबत्ती लावत नाहीत, हे नंतर बायकोने लक्षात आणून दिलं.

जस्टिन अॅबटसाहेबांवरच्या कार्यक्रमाला हजेरी 31 होती. एकतीस! त्यातली सहा माणसं पाहुण्यांच्या गाडीतून आलेली. गावातल्या ज्या मंडळींना महिनाभर आधी हाती पत्रिका दिली होती, त्यांची नावं माझ्या डायरीत आहेत, तिथेच राहोत. आम्ही राहुरी तालुक्यातून एका वारकरी बुवांना बोलावलं होतं, कारण संतचरित्रं लिहिणारे महिपतीबोवा त्यांच्याच तालुक्यातले, ताहराबादचे. आणि या महिपतींचा ‘भक्तविजय’ इंग्रजीत नेला तो एका अमेरिकन मिशनऱ्याने. अॅबटसाहेब 1932 साली वारले, पुस्तक त्यानंतर आलं. त्यांनी त्याआधी तुकोबा, एकनाथ, बहिणाबाई असे एकेक संत इंग्रजीत नेले होते. बुवांनी ते पुस्तक हातात घेतलं, इंग्रजी येत नसल्यामुळे फक्त पहिलं पान उघडून बोट ठेवलं आणि विचारलं, “हे दुसरं नाव कुणाचं?” पंडित नरहर गोडबोल्यांचं, मी सांगितलं, भाषांतरातले सहकारी. बुवा म्हणाले, “साहेबाने पंडिताचं नाव झाकलं नाही. बरं केलं.” पुस्तक कपाळाला लावून त्यांनी परत दिलं.

नंतर कीर्तन झालं. नगरच्या मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकापासूनचं, कृष्णराव सांगळे हे त्यातलं मोठं नाव; पण अलीकडे आमच्याकडे चिपळ्या धरणारा हात एकच उरलाय. टिळकांचं भजन सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्याला बुवा न सांगता उठून टाळ घेऊन मागे उभे राहिले. 31 माणसांनी ते ऐकलं. बाकीच्यांनी काय घालवलं, ते त्यांचं त्यांना माहीत.

बुवांनी बोट ठेवलेलं ते दुसरं नाव माझ्या मनातून जात नाही, म्हणून आमचीही दुसरी नावं. बायकांनी ‘नाव छापलंत तर पुढच्या वर्षी स्वयंपाकाला येणार नाही’ अशी तंबी दिली आहे, तेव्हा कामावरून ओळखा. पहाटे पाचला पोह्यांचे कांदे चिरणाऱ्या तिघी जावा. चहाचं पिंप स्कूटरवर दोन पायांत धरून आणणारे दूधवाले काका. माईक शिट्टी मारायला लागला की व्याख्यात्याकडे रागाने बघणारा साउंडवाला पोरगा. सतरंज्या देणारे शेजारच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष, ज्यांनी कधी भाडं घेतलं नाही. चर्चचे शिपाईबाबा आणि त्यांची किल्ली. पत्रिकेचं शुद्धलेखन तपासणाऱ्या मराठीच्या बाई. एका वर्षी त्यांना न दाखवता छापली आणि ‘विद्वत्ता’ चुकलं. स्लाइड दाखवायचा डबा वाहणारा माझा मेहुणा. झेरॉक्सवाले. पाहुण्यांना स्टँडवरून आणणारे रिक्षावाले चाचा. आणि ती बी.एड.वाली मुलगी, जी आता मंडळाची सचिव आहे आणि माझा अहवाल लाल पेनने तपासते.

पेटी माझ्या वडिलांची. तिच्या भात्याला यंदा चीर गेली आहे; चिकटपट्टी लावून बघितली, वारा सुटतोच. दुरुस्त करणारा माणूस मंगळवारी येतो म्हणालाय.