पट्टीवरचा अंगठा

बाबांच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक कॅल्क्युलेटर असायचा. त्याच्या डोक्यावर चार तपकिरी चौकोनांची, उजेडावर चालणारी सोलर पट्टी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझा एकच उद्योग, पट्टीवर अंगठा दाबायचा. आकडे फिकट होत होत गायब. अंगठा उचलला की नुसतं शून्य. "बेरीज घालवलीस ना!" बाबा ओरडायचे.

कॉलेजात असताना तसलाच एक फुटपाथवरून घेतला. घरी येऊन सवयीने अंगठा दाबला, तर आकडे ढिम्म. मागचं झाकण उघडलं. आत एक बटण सेल, आणि पट्टीला तारच नाही! रंगवलेलं प्लास्टिक.

खऱ्या पट्टीची कुळकथा सुरू होते तीही एका पोराच्या उद्योगातूनच. १८३९ साली फ्रान्समध्ये एकोणीस वर्षांच्या एदमाँ बेकरेलनं वडिलांच्या प्रयोगशाळेत, द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर उजेड पाडला आणि वीज वाहिली. १८८३च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्सनं सेलेनियमवर सोन्याचा पातळ मुलामा देऊन उजेडाची वीज करणारे सोलर सेल बनवले. सोनं लावून पदरात वीज किती, तर पडलेल्या उन्हाच्या जेमतेम शंभरावा हिस्सा. आमच्या बाबांनी असला धंदा एका दिवसात बंद केला असता. सिलिकॉननं हिशेब बदलला. एप्रिल १९५४मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेनं उन्हातल्या सहा टक्क्यांची वीज करणारा सेल लोकांना दाखवला, तोही खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून! चार वर्षांनी 'व्हॅनगार्ड-१' उपग्रह वर गेला. त्याची बॅटरी काही महिन्यांतच संपली, पण उन्हावरचा ट्रान्समीटर १९६४पर्यंत बोलत राहिला.

मला मात्र जवळचा वाटतो तो कुलाब्याचा विल्यम अ‍ॅडम्स. मुंबईत सरकारी नोकरीतला हा इंग्रज. त्याचा विजेशी संबंध नव्हता, त्याला हवी होती वाफ. छोटे सपाट आरसे चौकटीत बसवून त्यानं सगळं ऊन एका बॉयलरवर फेकलं, आणि १८७८मध्ये बंगल्याच्या आवारात अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन दोन आठवडे चालवलं. सूर्य सरकेल तशी चौकट ढकलायची, अंधार पडला की सुट्टी. जूनमध्ये काय झालं असतं, हे मुंबईकराला सांगायला नको.

आता आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पॅनेल आलीत. आईची तक्रार वेगळी. "ऊन सगळं वरच अडवलंत, कुरडया घालायच्या कुठे?" मी रोज मोबाइलवर युनिट बघतो. साडेतीन-चारला आकडा एकदम घसरतो. एकदा वर जाऊन पाहिलं, तर पाण्याच्या टाकीची सावली कोपऱ्यातल्या एकाच पॅनेलवर पडली होती, आणि त्याच्या ओळीतली बाकीचीही तिच्या पायी ढेपाळली होती.

टाकी हलवायचा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ, असं सेक्रेटरी म्हणालेत.