खापरपणजीचं माहेर शोधताना

‘वधूचं माहेरचं आडनाव भरल्याशिवाय शोध घेता येणार नाही.’ अकरा आठवडे वाट पाहिल्यावर अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका काउंटी (म्हणजे जिल्हा) कार्यालयातून लग्नाच्या जुन्या नोंदीसाठीचा माझा अर्ज एवढ्या एका ओळीसह परत आला. अहो, तेच आडनाव तर मी शोधत होते!

माझ्या नवऱ्याच्या खापरपणजीची ही गोष्ट. तिचा नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात 1863 मध्ये वारला. 1900 च्या जनगणनेत ती सहज सापडली. त्या वर्षी बायकांना किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हेही विचारलं होतं. तिच्या नावापुढे चार आणि दोन. ते आकडे बघून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. पण सगळीकडे सासरचंच आडनाव, मृत्यूच्या नोंदीतही.

अर्ज पुन्हा पाठवला. वराचं पूर्ण नाव आणि अंदाजे साल घातलं, तरी उत्तर तेच. फोन केला, तर म्हणाले लेखी कळवा. शेवटी सुट्टी काढून दीड तास गाडी चालवत गेले. वरांच्या नावाची सूची तिथे कपाटातच होती! वीस मिनिटांत बघून झाली. त्यात हे लग्नच नव्हतं. अकरा आठवड्यांपूर्वी एवढं कुणी सांगितलं असतं तर? आजही आठवलं की डोकं तापतं.

हे मला आधी कळायला हवं होतं: लग्न बहुधा मुलीच्या माहेरी लागायचं, त्यामुळे नोंद तिच्या माहेरच्या काउंटीत असते. सासरच्या गावी खेटे घालू नका.

वाट दाखवली ती विधवा-पेन्शनच्या फाइलने. शिपायाच्या विधवेला 1862 च्या कायद्याने महिना 8 डॉलर मिळत, पण लग्न झाल्याचा आणि मुलांच्या जन्माचा पुरावा द्यावा लागे. या फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मागवताना नवऱ्याचं नाव, राज्य आणि रेजिमेंट (सैन्यातली तुकडी) द्या. प्रत आली. त्यात लग्नाला हजर असलेल्या एकाचं शपथपत्र होतं: ‘मी अर्जदाराचा सख्खा भाऊ.’ खाली सही, आडनावासकट. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

हो, 1890 च्या जनगणनेवर भिस्त ठेवू नका, 1921 च्या आगीमुळे ती जवळजवळ सगळीच गेली. आणि 1850 च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बायकामुलांचे नुसते आकडे.

नशिबाने आमची खापरपणजी 1850 मध्ये माहेरीच होती. आडनाव हाती आल्यावर त्याच रात्री ते पान उघडलं. शेतकरी बाप, आई, पाच भावंडं, आणि चौथ्या ओळीवर ती, वय 14.