एचआयव्ही आणि लिव्हरची गाठ: निकाल कशावर ठरतो

लिव्हरच्या कॅन्सरवरचा उपचार किती लागू पडेल, हे गाठ केवढी आहे, उरलेलं लिव्हर किती धड आहे आणि माणूस हिंडता-फिरता आहे का, यावर ठरतं. एआरटी (एचआयव्हीवरची रोजची औषधं) नियमित चालू असेल आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून कुठलाही उपचार नाकारायचं कारण नाही. पूर्वी अशा रुग्णांचे निकाल वाईट दिसायचे ते मुख्यतः गाठ उशिरा सापडायची म्हणून, आणि सापडल्यावरही पुरेसा उपचार दिला जात नसे म्हणून.

म्हणून सगळा जोर लवकर शोधण्यावर हवा. सोबत हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर एचआयव्हीमुळे लिव्हर लवकर कडक होतं. असं कडक होणं म्हणजे सिरॉसिस. तो झालेल्यांनी दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपीची (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन) रक्ततपासणी करायलाच हवी. सी बरा झाला तरी ती थांबवायची नाही. बी मध्ये सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, त्यामुळे बी असलेल्यांनी आपल्याला ही तपासणी लागेल का, हे विचारून घ्यावं. इंदुरात एमवाय हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला गोळ्यांसाठी फेरी होतेच, त्याच फेरीत सोनोग्राफीची आठवण स्वतःहून करा. एएफपी नॉर्मल आला म्हणजे गाठ नाही, असं मात्र धरू नका.

गाठ दिसली की ट्रिपल फेज सीटी (डाय सोडून तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) किंवा एमआरआय. 3 सेंटिमीटरपर्यंतची गाठ सुईने जाळता येते, लिव्हर चांगलं असेल तर कापूनही काढता येते. ट्रान्सप्लांटसाठी मिलान निकष पाहतात: 5 सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ, किंवा प्रत्येकी 3 सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन. त्यापुढे टेस (गाठीला रक्त पुरवणाऱ्या नळीत औषध सोडून ती बंद करणं), आणि मग औषधं.

एका ठिकाणी हमखास घोटाळा होतो, तो नीट समजून घ्या. लिव्हरची ताकद चाइल्ड-प्यू गुणांनी मोजतात: बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) धरून पाच गोष्टींना प्रत्येकी 1 ते 3 गुण. बेरीज 5-6 म्हणजे ए गट, 7-9 म्हणजे बी गट. दुसऱ्या फळीच्या (पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावरच्या) एआरटीतल्या अटाझानाव्हिरने बिलिरुबिन वाढतं, डोळेही पिवळे दिसतात, पण त्यात लिव्हरचा दोष नसतो. समजा बाकी सगळं ठीक आहे आणि बिलिरुबिन 3.4 आलं. 1 गुणाऐवजी 3 धरले जातात, बेरीज 5 ऐवजी 7 होते, आणि ऑपरेशन झेपलं असतं असा रुग्ण कागदावर बी गटात जातो. डायरेक्ट आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन वेगवेगळं मागा. वाढ बहुतेक इनडायरेक्टमध्येच असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव सांगा.

तसंच डोल्युटेग्राव्हिर या एआरटीतल्या औषधाने क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वर सरकतं, किडनी बिघडलेली नसतानाही. सीटीची डाय देण्याआधी किडनी पाहतात, म्हणून हे आधी सांगितलेलं बरं.

औषधांत सोराफेनिब आणि लेनव्हॅटिनिब गोळ्या आहेत. लेनव्हॅटिनिब वजनावर देतात: 60 किलोच्या खाली 8 मिलिग्रॅम, 60 आणि पुढे 12. एआरटीत रिटोनाव्हिर किंवा एफाव्हिरेन्झ असेल तर सोराफेनिबचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. डोल्युटेग्राव्हिरवर ही काळजी फारशी नाही. अटेझोलिझुमॅब (इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी दर 3 आठवड्यांनी सलाइनमधून देतात. बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहून घ्याव्या लागतात. इम्युनोथेरपीच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतून एचआयव्हीचे रुग्ण बहुधा वगळलेच होते, पण नंतरच्या अनुभवात त्यांना वेगळा धोका दिसलेला नाही.

या सगळ्यात टीएलडी (टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिरची एकत्र गोळी) थांबवायची नाही, ऑपरेशनच्या धावपळीतही नाही. तिच्यातलं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन हिपॅटायटिस बी लाही दाबून धरतं. गोळी सुटली की बी उसळतो, आणि आधीच दमलेलं लिव्हर कोलमडू शकतं. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला दाखवायला निघालात तर सेंटरला सांगून पुरेशा गोळ्या आणि एआरटीचं कार्ड सोबत घ्या. अँटासिड, लोह किंवा कॅल्शियम लिहून दिलं तर डोल्युटेग्राव्हिर त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यावं.

आणि कुणी एचआयव्हीचं कारण सांगून ऑपरेशन टाळलं, तर 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा उपचारातला भेदभाव मना करतो. नकाराचं कारण लेखी मागा. माहितीसाठी 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.